मीठसुद्धा पास होतं

वनौषधींच्या अर्कांवरचे पाच-सहा शोधनिबंध वाचले की एक वाक्य पाठ होऊन जातं. वनस्पती कुठलीही असो, कॉलेज कुठलंही असो, वाक्य तेच: या अर्काचा एलडी-५० दर किलो वजनामागे २००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळला, सबब तो सुरक्षित आहे. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं ते फुकटचा मुद्रितशोधक म्हणून. माझी धाकटी बहीण तेव्हा एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती, माझी कंपनी अजून घरूनच काम करू देत होती, आणि आमच्या घरच्या समजुतीप्रमाणे सॉफ्टवेअर इंजिनिअरला प्रिंटर दुरुस्तीपासून संख्याशास्त्रापर्यंत सगळं येतं. त्यामुळे तिच्या प्रबंधाचे आकडे माझ्याकडे आले.

"२०००च का?" मी विचारलं. "२१०० दिले तर काय होतं?"

"दादा, त्याच्या वर सहसा जायचं नसतं. गाइडलाइनच आहे तशी."

एलडी-५० म्हणजे ज्या डोसला निम्मे प्राणी मरतात तो डोस. ही कल्पना जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज संशोधकानं १९२७ साली मांडली. त्याचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. डिजिटॅलिससारखं औषध झाडाच्या पानांपासून यायचं आणि त्याची प्रत्येक खेप कमी-जास्त तीव्र निघायची. ती मोजायची कशी, एवढंच त्याला हवं होतं. पुढे ही मोजपट्टी जगातल्या झाडून सगळ्या रसायनांना लागली आणि एकेका पदार्थासाठी ढिगानं प्राणी मारले जाऊ लागले. शेवटी ओईसीडी या संघटनेनं ती जुनी पद्धत २००२ साली आपल्या यादीतून काढून टाकली. आता ज्या पद्धती आहेत त्यात खूप कमी प्राणी लागतात. बहिणीनं वापरली ती ४२३ क्रमांकाची: तीन उंदरांना २००० मिलिग्रॅम प्रति किलो एकदाच पाजायचं, चौदा दिवस बघायचं. कुणी मेलं नाही तर खात्रीसाठी आणखी तीन. सहा उंदीर जगले की ते सुप्रसिद्ध वाक्य लिहायला तुम्ही मोकळे.

वाक्यातला पहिला भाग खरा आहे. घोळ 'सबब'पासून सुरू होतो. साध्या मिठाचा उंदरांमधला एलडी-५० साधारण ३००० मिलिग्रॅम प्रति किलो आहे. म्हणजे या परीक्षेत मीठसुद्धा पास होतं. आमच्या बाबांना रक्तदाबासाठी डॉक्टरांनी पहिली कुठली गोष्ट कमी करायला सांगितली असेल तर ती मीठ. चौदा दिवसांत मेला नाही, एवढंच ही चाचणी सांगते. रोज, वर्षभर, बाकीच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर काय, हा तिचा विषयच नाही.

बहिणीचा अर्क चार वनस्पतींचा होता: गुळवेल, कुटकी, भुईआवळा आणि पिंपळी. पहिल्या तीन यकृतासाठी, चौथी बाकीच्यांचं शोषण वाढावं म्हणून. प्रत्येक वनस्पती वेगळी सुकवली, भरडली, पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात भिजवली, मग रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवून टाकला. खाली उरतो तो काळपट, चिकट, काकवीसारखा गोळा. असे चार गोळे ठरलेल्या प्रमाणात एकत्र करायचे. इथेच माझ्या डोक्यात पहिली पाल चुकचुकली. घरी काढा करताना आपण सगळं एकाच पातेल्यात उकळतो. चार वस्तू एकत्र उकळल्यावर पाण्यात जे उतरतं आणि चार वेगवेगळे अर्क नंतर मिसळल्यावर जे बनतं, ते एकच असायला हवं असा काही नियम नाही. उकळताना एकातलं काहीतरी दुसऱ्यातल्या कशाला तरी धरून तळाशी बसू शकतं, किंवा एरवी न विरघळणारं काही विरघळू शकतं. बहीण म्हणाली, "म्हणूनच तर मी जे मिश्रण बनवलंय तेच तपासतेय. त्याच्या पलीकडे माझा दावा नाही." प्रबंधात हे एका ओळीत आहे. ती ओळ मला सगळ्यात आवडते.

एकाच वेळच्या डोसनंतर तिचा खरा प्रयोग होता २८ दिवसांचा, ओईसीडी ४०७ प्रमाणे. चार गट. एका गटाला अर्क नाही, बाकी तिघांना २५०, ५०० आणि १००० मिलिग्रॅम प्रति किलो. प्रत्येक गटात पाच नर, पाच माद्या. एकूण ४० विस्टार उंदीर. विस्टार ही प्रयोगशाळेतली पांढऱ्या उंदरांची जात १९०६ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि तिथून जगभर पोचली. त्यातले चाळीस आमच्या जिल्ह्यात. त्यासाठी आधी कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो: इतकेच का, कमीत भागणार नाही का, दुखणार असेल तर काय कराल, शेवटी कसे माराल. ही समिती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली आलेल्या केंद्रीय समितीच्या नियमांनी चालते. बहिणीनं आधी ४८ मागितले होते, समितीनं ४० दिले.

मी ॲनिमल हाऊसला तीनदा गेलो, सरांची परवानगी काढून, नोंदी करायला हात हवा म्हणून. माझ्या कल्पनेतली प्रयोगशाळा सिनेमातली होती. प्रत्यक्षात ती एक स्वच्छ, थंड, थोडी उग्र वासाची खोली होती. प्लॅस्टिकचे पिंजरे, खाली भाताचं तूस, बारा तास उजेड, बारा तास अंधार. उंदीर ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पांढऱ्या अंगावर पिक्रिक ॲसिडनं पिवळ्या खुणा केलेल्या: कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीशी. बहीण एकेकाला उचलून, मानेमागची कातडी अलगद पण पक्की धरून, टोकाला गोळी असलेली वाकडी सुई तोंडातून थेट जठरापर्यंत घालायची आणि मोजून अर्क सोडायची. याला गेव्हाज म्हणतात. चाळीस उंदीर, रोज, अठ्ठावीस दिवस. ज्या गटाला अर्क नाही त्यालाही नुसतं ज्यात अर्क कालवतात ते पातळ द्रावण याच पद्धतीनं पाजायचं, कारण सुईचा त्रास सगळ्यांना सारखा व्हायला हवा. नाहीतर अर्काचा परिणाम कुठला आणि सुईचा कुठला, हे कळणार नाही.

सतराव्या दिवशी सगळ्यात जास्त डोसच्या गटातली एक मादी मेली.

मी त्या दिवशी तिथे नव्हतो. बहिणीनं फोनवर सांगितलं ते असं, की पाजल्यावर ती दोनदा फुरफुरली, नाकातून फेस आला आणि दहा मिनिटांत गेली. शवविच्छेदन केलं तेव्हा फुप्फुसात तपकिरी द्रव होता. म्हणजे सुई अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली होती. अर्काचा दोष नाही, हाताचा. लॅबमधल्या एका सीनियरनं मोठ्या मायेनं सल्ला दिला, "अगं, राखीव पिंजऱ्यात आहेत की दोन. त्यातली एक घाल आणि पुढे चल. सगळेच करतात."

त्या रात्री घरात यावर बरंच बोलणं झालं. आई म्हणाली, ज्याचा औषधाशी संबंधच नाही ते लिहून कशाला मार्क घालवायचे. मला कळत होतं की आई चूक बोलत नाहीये. मृत्यूचं कारण स्पष्ट होतं. पण मी रोज ज्या धंद्यात आहे तिथला अनुभव असा, की 'हा एरर आपल्या कोडचा नाही, नेटवर्कचा आहे' असं म्हणून लॉगमधून पुसलेल्या नोंदी सहा महिन्यांनी आपल्याच निघतात. बहीण काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तक्त्यात त्या गटासमोर ९/१० लिहिलं, खाली टीप लिहिली, फुप्फुसाचा फोटो जोडला. सरांनी वाचून सही केली. एवढंच. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्या टिपेवर विचारले आणि ते प्रश्न चांगले होते.

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर उरलेल्या ३९ उंदरांचं रक्त घेतलं आणि मग त्यांना 'सॅक्रिफाइस' केलं. लॅबमध्ये हाच शब्द आहे. मराठीत बोलतानाही कुणी 'मारले' म्हणत नाही. मला हा शब्द आधी ढोंगी वाटला होता. बहीण म्हणाली, तिला तो बरा वाटतो, कारण बळी म्हटलं की कशासाठी, हे विचारावं लागतं. यकृत, मूत्रपिंड, हृदय, प्लीहा यांची वजनं झाली, काचपट्ट्या बनल्या, आणि आकड्यांची एक्सेल फाइल मला मिळाली.

इथून पुढचं काम माझं. तीस मोजमापं: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृताची एन्झाइम्स, क्रिएटिनिन, अवयवांची वजनं वगैरे. प्रत्येकात तीन डोसची तुलना अर्क नसलेल्या गटाशी, नर वेगळे, माद्या वेगळ्या. म्हणजे १८० तुलना. संख्याशास्त्रात '५ टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय' म्हणजे काय, तर अर्कात काही म्हणजे काहीच नसलं, नुसतं पाणी असलं, तरी अशा १८० तुलनांपैकी सरासरी नऊ ठिकाणी योगायोगानं चांदणी उमटेल. आमच्या फाइलीत अकरा उमटल्या. त्यातली एक यकृताच्या एएलटी या एन्झाइमवर होती, मधल्या डोसच्या माद्यांमध्ये. दुप्पट डोस घेतलेल्या माद्यांमध्ये मात्र काही नाही, नरांमध्ये काही नाही, काचपट्टीवर यकृत ठीक.

"ही योगायोगाची आहे," मी म्हणालो. "डोस वाढल्यावर परिणाम वाढायला हवा. तो नाही."

"मलाही तसंच वाटतं. पण चांदणी राहू दे. खाली मी कारण लिहिते. वाचणाऱ्याला पटलं तर पटलं."

हे सांगतोय ते तिचं कौतुक करायला नाही (थोडं आहेच). अशा चांदण्यांचं दोन्ही बाजूंनी सोनं करता येतं. अर्क विकायचा असेल तर सगळ्या 'योगायोग' म्हणून झाकता येतात, आणि आयुर्वेदाला बदनाम करायचं असेल तर त्यातलीच एक उचलून 'गुळवेलीनं यकृताची नासाडी' असा मथळा करता येतो. दोन्ही पक्षांचे लोक मी व्हॉट्सॲपवर रोज बघतो. फाइल कुणी उघडत नाही.

प्रबंध छापून घरी आला त्या दिवशी बाबांनी शेवटचं पान काढलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे सेफ आहे ना?"

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या प्रबंधातलं शेवटचं वाक्य असं होतं, की या मिश्रणानं १००० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत २८ दिवसांत निरोगी विस्टार उंदरांमध्ये कोणताही डोसनुसार वाढत जाणारा विषारी परिणाम दाखवला नाही. यातला प्रत्येक शब्द तिनं झगडून ठेवला होता. 'निरोगी' सुद्धा.

या शब्दांत काय मावत नाही ते बघा. दहा उंदरांना काही झालं नाही, तर खरा धोका जास्तीत जास्त किती असू शकतो? गणित सोपं आहे: शून्य घटना दिसल्या तर ३ भागिले संख्या, ही ढोबळ वरची मर्यादा. दहा प्राण्यांसाठी ती येते ३० टक्क्यांच्या आसपास, चाळीस घेतले असते तरी साडेसात टक्के. दहा हजारांत एका माणसाला होणारा त्रास उंदरांच्या कुठल्याच पिंजऱ्यात दिसणार नाही. तोही सारख्या वयाच्या, सारखं खाणाऱ्या, कुठलाही आजार नसलेल्या उंदरांच्या.

गुळवेलीचं नेमकं हेच झालं. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती, सगळ्यांच्या यकृताला इजा. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांमधून ४३ रुग्णांचा अहवाल आला. यातल्या बऱ्याच जणांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयानं हे निष्कर्ष मान्य केले नाहीत, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असंही म्हटलं. वाद व्हावा तसा झाला. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की करोडो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यातल्या अगदी थोड्यांना, बहुधा ज्यांची प्रकृती आधीच त्या दिशेला झुकलेली होती त्यांना, ती बाधली असेल, तर ते कुठल्याही निरोगी उंदरानं आधी सांगणं शक्यच नव्हतं.

आणि मिश्रणाचा प्रश्न वेगळाच. आमच्याकडे प्रत्येक मॉड्यूलची चाचणी वेगळी होते आणि सगळी मॉड्यूल जोडल्यावरची वेगळी. पहिली पास झाली म्हणून दुसरी सोडा असं कुणी म्हटलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतात. औषधात हे मिरीच्या बाबतीत फार सुंदर दिसतं. बेंगळुरूमधल्या संशोधकांनी १९९८ साली हळदीतलं कर्क्युमिन आणि मिरी-पिंपळीतलं पायपरिन एकत्र देऊन बघितलं. उंदरांमध्ये रक्तात पोचणारं कर्क्युमिन वाढलं १५४ टक्क्यांनी. माणसांमध्ये २००० टक्क्यांनी. तेच मिश्रण, पण उंदीर आणि माणूस यांच्या उत्तरात दहापटींहून जास्त फरक. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालणं ही जाहिरातीची ओळ झाली. पुढे अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यातल्या ज्या सात उत्पादनांची तपासणी झाली त्यातल्या तिनांत पायपरिन निघालं, आणि दहापैकी सात रुग्णांमध्ये एकाच प्रकारचं जनुक. एका रुग्णाचा मृत्यू झाला. भाजीतल्या हळदीबद्दल हे नाही, कृपया आईला फॉरवर्ड करू नका. शोषण वाढवणारी वस्तू चांगल्याचं शोषण वाढवते तसंच शेजारच्या गोळीचंही वाढवू शकते, एवढाच मुद्दा.

याचा अर्थ पिंजऱ्यातली साक्ष निरुपयोगी, असं मला वाटत नाही. मुंबईच्या केईएममध्ये काम केलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर, ज्या मराठी वाचकांना त्यांच्या ललित लेखनामुळे जास्त माहीत आहेत, त्यांनी १९९१ साली बचनागावरचा एक छोटा निबंध सहलेखिकेसह प्रसिद्ध केला. बचनाग जहाल विष आहे, पण आयुर्वेदात तो शुद्धी-संस्कार करूनच वापरतात. हे संस्कार खरंच काही करतात की नुसता विधी आहे? त्यांनी पांढऱ्या लहान उंदरांना, म्हणजे माइसना, कच्चा बचनाग दिला: २.६ मिलिग्रॅमला सगळे मेले. पूर्ण संस्कार केलेला दिला: आठपट देऊनही एकही मेला नाही. आणि मधली एखादी पायरी गाळली तर विष पुरतं उतरत नव्हतं. ग्रंथातल्या पायऱ्यांना इतकं स्वच्छ प्रशस्तिपत्र मी दुसरं वाचलेलं नाही, आणि ते मिळालं विषाच्या चाचणीतून. आयुर्वेदाला हजारो वर्षांचा अनुभव आहे, मग चाचणी कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी हाच निबंध दाखवतो.

उलटंही झालंय. ॲरिस्टोलोचिक ॲसिड या वनस्पतीज द्रव्यानं उंदरांना कर्करोग होतो, हे १९८२ मध्ये छापून आलं होतं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन घटवायच्या दवाखान्यात गोळ्यांमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून तेच द्रव्य असलेली दुसरी वनस्पती गेली. शंभराच्या आसपास लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं बिघडली, काहींना पुढे कर्करोग झाला. उंदरांनी आपलं काम दहा वर्षं आधी केलेलं होतं.

पुन्हा बाबांकडे येतो. २०२० च्या एप्रिलपासून आमच्या घरी रोज सकाळी काढा होतो. आयुष मंत्रालयानं तेव्हा सुचवलेला काढा साधा होता: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. बाबांनी त्यात आपल्या मनानं गुळवेल घातली, आणि तुरट-तिखट चव मोडायला ज्येष्ठमध. पुढे करोना गेला, काढा राहिला. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जिना चढताना पाय भरून यायचे, आणि इतकी वर्षं आटोक्यात असलेला रक्तदाब अचानक ऐकेना. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९. किमान ३.५ हवं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषधं घेता का? बाबा म्हणाले, नाही. ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या लेखी काढा हे औषध नाही, चहा सोडल्याचं फळ आहे.

बहिणीनं रिपोर्ट बघितला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. ते एन्झाइम शरीरातल्या कॉर्टिसॉलला मीठ साठवण्याच्या हुकमापासून दूर ठेवत असतं. ते अडलं की कॉर्टिसॉल स्वतःच हुकूम सोडू लागतं: मीठ धरून ठेवा, पोटॅशियम सोडून द्या. रक्तदाब वर, पोटॅशियम खाली. त्यात बाबांच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं, जे लघवीवाटे पोटॅशियम आणखी घालवतं. गोळी निर्दोष, ज्येष्ठमध हजार वर्षांचा जुना. दोघं एकाच दिशेनं ढकलत होते आणि मध्ये आमचे बाबा. अळणी जेवणारा माणूस शरीरात मीठ साठवत होता.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी गोळी बदलली, पोटॅशियमचं औषध दिलं, ज्येष्ठमध बंद केला. याचा परिणाम उतरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेवढे लागले.

मला त्या दिवसांत राहून राहून वाटत होतं, की बाबांचा काढा चाळीस उंदरांना अठ्ठावीस दिवस पाजला असता तर काय दिसलं असतं? चांगला प्रयोग असता तर कदाचित पोटॅशियमच्या रकान्यात एखादी चांदणी. आणि नसती दिसली तर शेवटच्या पानावर ते वाक्य. कुठल्याही पिंजऱ्यात बासष्ट वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेणारा, चव बिघडू नये म्हणून चमचाभर जास्त घालणारा उंदीर नव्हता. परवान्यासाठी कायदाही एवढं मागत नाही. ग्रंथोक्त औषध ग्रंथातल्याच पद्धतीनं, त्याच उपयोगासाठी बनवलं तर नव्या सुरक्षितता चाचणीची अट नाही. घरच्या पातेल्याला तर परवानाच लागत नाही. 

बहीण म्हणाली, मग निदान नोंद करू. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा आहे, तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. एका रविवारी आम्ही तिघं टेबलाशी फॉर्म भरायला बसलो. औषधाचं नाव? काढा. कंपनी? बाजारातलं काष्ठौषधींचं दुकान. बॅच नंबर? बाबा हसले. पुडीवर जुन्या वर्तमानपत्रातलं राशिभविष्य होतं.

"मात्रा," बहीण म्हणाली. "ज्येष्ठमध रोज किती घालत होता?"

"चवीपुरता."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"आता चव काय ग्रॅममध्ये असते का?"

मग मी आईचा केकसाठी आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा काढला, बशी ठेवली, आणि बाबांना म्हटलं, रोज घालत होता तेवढा घाला, विचार करू नका. त्यांनी डब्यात हात घालून, सवयीनं, न बघता एक मूठ काढली, थोडी झटकली आणि बशीत टाकली. नऊ ग्रॅम. बहिणीनं कागदावर हिशेब मांडला. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन कमी-जास्त असतं, चार टक्के धरलं तर ३६० मिलिग्रॅम. सगळं पाण्यात उतरत नाही हे खरं. पण युरोपात दिवसाची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगतात. तिनं रकान्यात लिहिलं, 'सुमारे ९ ग्रॅम, दररोज, दोन वर्षांहून अधिक.'

बाबा काट्यावर वाकून बघत होते. "थांब," ते म्हणाले. "बशीचं वजन वजा केलंस का?"